दुर्बिणीमागचा माणूस

पुण्याहून नाशिककडे जाताना नारायणगाव लागते. तेथून आत वळले, की जुन्नर तालुक्यातील खोडद गावाच्या परिसरात मळ्यांच्या आणि माळरानांच्या मधोमध तारांची जाळी ताणलेल्या प्रचंड तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या दिसतात. एकेका तबकडीचा व्यास ४५ मीटर. अशा एकंदर ३० तबकड्या. त्यांतील १४ मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटरात दाटलेल्या, आणि उरलेल्या १६ तीन दिशांना गेलेल्या बाहूंवर सुमारे २५ किलोमीटरांच्या पल्ल्यात विखुरलेल्या. ‘जीएमआरटी’ या नावाने जगभर ओळखली जाणारी ही रेडिओ दुर्बीण भारतीयांनी भारतात आखली, भारतात उभारली आणि २००२ सालापासून साऱ्या जगातील शास्त्रज्ञांस खुली केली. तिच्यावर निरीक्षणाची वेळ मिळावी म्हणून देशोदेशींचे संशोधक अर्ज करतात. या गोष्टीचा आपणांस अभिमान वाटतो आणि तो सर्वथा रास्त आहे.

मात्र या अभिमानाच्या भरात एक साधा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. त्या तबकड्यांनी टिपलेले संकेत रात्रंदिवस चाळीत बसणारा तरुण संशोधक कोण आहे, त्याची नेमणूक किती वर्षांची आहे, आणि ती मुदत संपली म्हणजे तो कोठे जाणार आहे? तबकड्यांची संख्या आम्हांस तोंडपाठ असते. या माणसाची विचारपूस मात्र क्वचितच होते. आजचा हा प्रपंच त्याच्यासाठी आहे.

ज्याने रेडिओ खगोलशास्त्रात डॉक्टरेट मिळविली आहे, परंतु ज्याला अद्याप कोठे कायम नेमणूक लाभलेली नाही, असा हा संशोधक होय. शाळा-महाविद्यालयाची पंधरा-सतरा वर्षे आणि त्यावर प्रबंधाची पाच-सहा वर्षे घालवून तो तिशीच्या उंबरठ्यावर उभा असतो. शिक्षण संपले, असे घरची माणसे समजत असतात. त्याच्या क्षेत्रात मात्र उमेदवारीची खरी सुरुवात आता होते. दोन वर्षांची पाठ्यवृत्ती, फार तर तीन वर्षांची. ती सरली की दुसरी, बहुधा दुसऱ्या शहरात वा दुसऱ्या देशात. काहींच्या नशिबी तिसरीही येते. मग पस्तिशी-चाळिशीच्या दरम्यान एखादी कायमची जागा मिळाली तर मिळाली. न मिळाल्यास इतक्या वर्षांचा अभ्यास गुंडाळून दुसरा धंदा पाहणे आले.

आमच्या गोमंतकाला कंत्राटी जीवन अपरिचित नाही. बोटीवर जाणाऱ्या तारवट्यांची घरे येथे गावोगाव आहेत. सहा-आठ महिने समुद्रावर, काही महिने घरी, पुन्हा नवे कंत्राट, हा क्रम त्या घरांच्या अंगवळणी पडलेला आहे. परंतु तारवट्याला आपल्या धंद्यात पुढची बोट कोठे ना कोठे मिळेल, असा भरवसा असतो आणि वाढत्या अनुभवाबरोबर त्याची किंमतही वाढते. या संशोधकाचे उलटे आहे. अनुभव वाढतो तशी त्याला खुली असणारी दारे कमी होत जातात. कित्येक पाठ्यवृत्तींना वयाची अट असते. डॉक्टरेट मिळून अमुक वर्षांच्या आतच अर्ज करता येईल, अशीही अट असते. कारागीर तयार झाला, की त्यालाच कारखान्याबाहेर काढावयाचे, असा हा अजब व्यवहार आहे.

रेडिओ खगोलशास्त्राच्या बाबतीत हा व्यवहार विशेष घातक का ठरतो, हे समजण्यासाठी त्या शास्त्राचे काम कसे चालते ते थोडे पाहिले पाहिजे. सामान्य दुर्बिणीतून डोळ्याने पाहता येते. रेडिओ दुर्बिणीतून काही ‘दिसत’ नाही. अवकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी अतिशय क्षीण असतात. त्यांच्यात आपल्या भ्रमणध्वनींचा, विजेच्या तारांचा, उपग्रहांचा आणि विमानांचा गोंगाट मिसळलेला असतो. वातावरणाच्या वरच्या थरांतून येताना त्या वाकतात आणि डळमळतात. तीस तबकड्यांनी टिपलेले संकेत एकमेकांशी ताडून, गोंगाट वेचून बाहेर टाकून, प्रत्येक तबकडीची चूक स्वतंत्रपणे सुधारून, संगणकावर कित्येक आठवडे खपल्यावर आकाशाचे चित्र हाती येते. त्यातला कोणता ठिपका खरा आणि कोणता यंत्राचा भास, हे ठरविण्याची नजर पुस्तकांतून येत नाही. अनुभवी माणसाच्या शेजारी बसून, चुका करून आणि त्या निस्तरून ती येते. सोनाराच्या हाताप्रमाणे ही विद्या एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि मधला हात गळाला की साखळी तुटते.

या शास्त्राचा इतिहास याची साक्ष देतो. १९६७ साली केंब्रिज येथे जॉसलिन बेल ही विद्यार्थिनी आपल्या प्रबंधासाठी दुर्बिणीच्या नोंदींचे लांबच लांब कागद हाताने तपासत होती. त्या कागदांवर एका ठिकाणी तिला जेमतेम बोटाच्या पेराएवढी खरखर दिसली. तिने ती दुर्लक्षिली नाही. त्यातून स्पंदक ताऱ्यांचा शोध लागला आणि १९७४ साली त्या शोधाबद्दल तिच्या मार्गदर्शकास नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथील दुर्बिणीने २००१ साली सेकंदाच्या काही सहस्रांशांएवढाच काळ टिकलेला एक प्रखर रेडिओस्फोट टिपला होता. नोंद झाली, साठविली गेली आणि तशीच पडून राहिली. डंकन लॉरिमर यांच्याकडे काम करणाऱ्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या ती जुन्या नोंदी चाळताना नजरेस आली. २००७ साली तो शोध प्रसिद्ध झाला आणि खगोलशास्त्रात एक नवे दालन उघडले. यंत्राने आपले काम २००१ सालीच चोख बजावले होते. सहा वर्षे खोळंबा झाला तो पाहणाऱ्या माणसाचा.

आता आपल्याच देशातील गोष्ट घ्या. ती एका पाठ्यवृत्तीची गोष्ट आहे. अलाहाबादेत शिकलेला गोविंद स्वरूप नावाचा तरुण १९५० साली दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत डॉ. के. एस. कृष्णन यांच्या हाताखाली दाखल झाला. १९५२ साली सिडनीच्या एका परिषदेत कृष्णन यांनी तेथील रेडिओ खगोलशास्त्राचे काम पाहिले, त्याचे महत्त्व ओळखले आणि १९५३ साली कोलंबो योजनेखालील दोन वर्षांच्या पाठ्यवृत्तीवर या तरुणाला तिकडे पाठविले. तेथे स्वरूप एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे फिरत सारी कला शिकले. सिडनीजवळच्या पॉट्स हिल येथील ३२ लहान तबकड्या आता तेथे लागणार नाहीत असे कळताच, त्या भारताला द्याव्यात, अशी गळ त्यांनी घातली आणि ऑस्ट्रेलियाने ती मानली. तबकड्या देणगी म्हणून मिळत होत्या. परंतु त्या आणण्याचा खर्च कोणी सोसावा, या प्रश्नावर कागदी घोडे नाचत राहिले आणि स्वरूप वाट पाहून अमेरिकेस निघून गेले. तेथे त्यांनी टेक्ससमध्ये काम केले आणि स्टॅनफर्डला १९६१ साली डॉक्टरेट मिळविली.

ही कथा येथेच संपली असती. आपला एक हुशार तरुण परदेशी स्थायिक झाला, एवढीच नोंद राहिली असती. परंतु १९६१ साली स्वरूप आणि परदेशांत काम करणारे त्यांचे तीन भारतीय सहकारी, कुंडू, मेनन व कृष्णन, यांनी मिळून भारतातील वैज्ञानिक संस्थांच्या धुरीणांस एक पत्र धाडले: आम्ही परत येऊन देशात रेडिओ खगोलशास्त्राचा एक गट उभा करू इच्छितो. या पत्राला तत्काळ आणि निःसंदिग्ध उत्तर दिले ते डॉ. होमी भाभा यांनी. जानेवारी १९६२ मध्ये त्यांची तार गेली. गट स्थापन करण्याचे ठरले आहे, नेमणुकीचे पत्र मागाहून येत आहे, असा तिचा आशय होता. त्या वेळी गोवा मुक्त होऊन जेमतेम महिना लोटला होता. नव्या राष्ट्राचा आत्मविश्वास कोणत्या थराला होता, हे या दोन घटना शेजारी ठेवल्या की उमगते.

त्या एका तारेचे फळ काय झाले? १९६३ साली स्वरूप टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. रखडत रखडत भारतात पोहोचलेल्या त्या ३२ तबकड्या कल्याणजवळ उभ्या राहिल्या आणि १९६५ साली त्यांनी सूर्याचा वेध घेण्यास आरंभ केला. त्या कामावर तयार झालेल्या तरुणांना घेऊन १९७० साली उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी दुर्बीण उभी राहिली. डोंगराचा उतार आणि त्या ठिकाणचा अक्षांश यांचा मेळ घालून तिचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवण्याची युक्ती त्यांनी साधली होती. आणि उटीच्या तालमीत घडलेल्या माणसांनी पुढे खोडदची दुर्बीण साकारली. भरीव धातूच्या पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांची जाळी वापरून तबकडी हलकी आणि स्वस्त करण्याची तिची कल्पना आज जगात वाखाणली जाते. २०२० साली प्रा. स्वरूप निवर्तले. १९५३ च्या दोन वर्षांच्या पाठ्यवृत्तीवर कोलंबो योजनेने जे काही पैसे खर्च केले असतील, त्यांचे व्याज आपण आजतागायत खात आहोत.

मात्र एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. सिडनीतील दोन वर्षे ही शिकण्याची वर्षे होती. भाभांनी देऊ केले ते त्याहून निराळे होते. त्यांनी माणसाला पाय रोवण्यास जागा दिली, सहकारी निवडण्याचा अधिकार दिला आणि फळाची घाई केली नाही. पाठ्यवृत्तीने बी मिळाले. भाभांच्या तारेने जमीन दिली. आज आपण बी पेरतो, आणि अंकुर फुटला की जमीन काढून घेतो.

कराराच्या जीवनाची दुसरी बाजू गोमंतकीयांस एका निराळ्या नावाने ठाऊक आहे. गणित, नाणकशास्त्र आणि इतिहास या तिन्ही प्रांतांत संचार करणारे आमचे कोसबेनचे सुपुत्र दामोदर कोसंबी हे याच टाटा संस्थेत भाभांच्या निमंत्रणावरून गेले होते. सुमारे दीड तप तेथे काम केल्यावर १९६२ साली त्यांचा करार पुढे चालू ठेवण्यात आला नाही. त्या प्रसंगाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे, आणि आमची ती इच्छाही नाही. परंतु ज्यांची कीर्ती जगभर पसरली होती, अशा पंचावन्नच्या घरातील विद्वानास करार संपला म्हणून नवा आश्रय शोधावा लागतो, तर ज्याचे नाव अद्याप चार माणसांपलीकडे गेलेले नाही, त्या तिशीतील संशोधकाने कोणाच्या आधारावर धीर धरावा?

या प्रश्नाला आज तातडी आली आहे. ‘स्क्वेअर किलोमीटर ॲरे’ नावाचा जगातील सर्वांत मोठा रेडिओ दुर्बीण प्रकल्प ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका या देशांत उभा राहत आहे. त्याच्या प्रत्यक्ष बांधकामाचा प्रारंभ डिसेंबर २०२२ मध्ये झाला. ऑस्ट्रेलियात १,३१,०७२ लहान अँटेना आणि दक्षिण आफ्रिकेत १९७ तबकड्या अशी त्याची योजना आहे. भारत या प्रकल्पात सहभागी आहे. केंद्र सरकारने २०२४ च्या आरंभी त्यासाठी १२५० कोटी रुपये मंजूर केल्याचे जाहीर झाले. बांधकामातील आपला वाटा आणि देशात उभारावयाचे एक प्रादेशिक विज्ञान केंद्र यांचा त्यात समावेश आहे. या निर्णयाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु त्या केंद्रात संकेतांचा महापूर लोटू लागेल तेव्हा तो उपसावयास तयार हात किती असतील, याची तजवीज आजच व्हावयास हवी. आज डॉक्टरेट मिळविणारी पिढी तोवर ऐन उमेदीत असेल. तिला आज वाऱ्यावर सोडले, तर उद्या तिला कोठून बोलावणार? बैल गेला नि झोपा केला, ही म्हण केवळ शेतकऱ्यासाठी नाही.

दक्षिण आफ्रिकेने या बाबतीत जे केले ते अनुकरणीय आहे. वर्णभेदाच्या राजवटीतून बाहेर पडलेल्या त्या देशात दारिद्र्य आणि विषमता आपल्यापेक्षा काही कमी नाही. तरी या प्रकल्पाचे यजमानपद मिळेल की नाही हे ठरण्याच्या कितीतरी आधी, २००५ सालापासून, त्यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांपासून डॉक्टरेटोत्तर संशोधकांपर्यंत शिष्यवृत्ती आणि पाठ्यवृत्ती देण्यास आरंभ केला. कारूच्या ओसाड प्रदेशात त्यांची ६४ तबकड्यांची ‘मीरकॅट’ दुर्बीण २०१८ साली सुरू झाली, तेव्हा तिच्यावर काम करावयास त्यांच्या हाताशी आपली माणसे होती. त्यांनी तबकड्यांआधी माणसे लावली. आपण तबकड्या लावून माणसांची वाट पाहत आहोत.

आणि आपली माणसे कोठे असतात? जानेवारी २०२३ मध्ये एक आनंदाची वार्ता आली. खोडदच्या दुर्बिणीने अतिदूरच्या एका दीर्घिकेतून निघालेला हायड्रोजन वायूचा संकेत टिपला होता. तो तेथून निघाला तेव्हा विश्वाचे वय अवघे ४९० कोटी वर्षे होते. मधल्या दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने नैसर्गिक भिंगासारखे काम केल्यामुळे हा क्षीण संकेत हाती लागला. दुर्बीण आपली. शोध लावणाऱ्या दोघांपैकी एक, निरुपम रॉय, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक. दुसरे, अर्णब चक्रवर्ती, हे डॉक्टरेटोत्तर संशोधक. आणि त्यांची पाठ्यवृत्ती होती कॅनडातील मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात. परदेशी जाण्यात काही गैर नाही. स्वरूपही गेले होते. विद्या देशादेशांतून फिरली पाहिजे, तिला कुंपण घालू नये. परंतु जाणाऱ्यासाठी परतीची वाट उघडी आहे की नाही, हे पाहणे आपल्या हाती आहे, आणि आजमितीस ती वाट फार अरुंद आहे.

पाठ्यवृत्तीच्या रकमेविषयीही बोलले पाहिजे. २०१८-१९ साली देशभरचे संशोधक विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा कोठे दरवाढ झाली. त्यानंतरची वाढ १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली. तीनुसार डॉक्टरेट मिळविलेल्या संशोधन सहयोगीस श्रेणीप्रमाणे दरमहा ५८, ६१ वा ६७ हजार रुपये आणि घरभाडे भत्ता असे दर ठरले. ही रक्कम अगदीच क्षुल्लक आहे असे आम्ही म्हणणार नाही. या देशात कोट्यवधी लोक याच्या अंशमात्रावर संसार करतात. परंतु हेच अंकगणित आणि हीच संगणकविद्या घेऊन तो तरुण पुण्या-बंगळुराच्या एखाद्या कंपनीत गेला, तर पैसाही अधिक मिळतो आणि उद्याची चिंताही कमी होते. तरी तो दुर्बिणीपाशी राहतो, तो ओढीपोटी. त्या ओढीची अशी परीक्षा पाहणे राष्ट्राला शोभत नाही. त्यातही पाठ्यवृत्तीचे पैसे महिनोन्महिने तुंबून राहतात, ही तक्रार जुनी आहे. ठरलेली रक्कम ठरलेल्या तारखेस देण्यासाठी सरकारला कोणताही नवा शोध लावावा लागणार नाही.

या अस्थिरतेचा सर्वांत मोठा भार स्त्रियांवर पडतो, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. अठ्ठावीस ते पस्तीस ही वर्षे लग्नाची, मुलाबाळांची. नेमक्या त्याच वर्षांत दर दोन वर्षांनी बिऱ्हाड हलवावयाचे, शहर बदलावयाचे, देश बदलावयाचा. पुरुष बदली झाल्यासारखा निघून जातो. स्त्रीला बहुधा दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते. स्पंदक ताऱ्यांचा शोध लावणाऱ्या जॉसलिन बेल यांनाही हे चुकले नाही. पतीच्या नोकरीमागून गावे बदलीत आणि अर्धवेळ कामे पत्करीत त्यांनी कित्येक वर्षे काढली. २०१८ साली त्यांना ‘ब्रेकथ्रू’ पारितोषिकाचे सुमारे २३ लाख पौंड मिळाले, तेव्हा त्यांनी ती सारी रक्कम विज्ञानात ज्यांना सहसा जागा मिळत नाही, अशा विद्यार्थ्यांच्या संशोधन शिष्यवृत्तीसाठी देऊन टाकली. स्वतः जे सोसले ते मागून येणाऱ्यांस सोसावे लागू नये, ही बुद्धी एका वृद्ध विदुषीला सुचते. ती शासनसंस्थेला का सुचू नये?

येथे काही आक्षेप पुढे येतात. पहिला नेहमीचा आहे: ज्या देशात खेड्यांतील शाळांना धड छप्पर नाही, तेथे ताऱ्यांच्या अभ्यासावर पैसा का उधळावा? या प्रश्नामागील कळवळा खरा असेल, तर आम्ही त्याचा आदर करतो. त्याला एक व्यवहारी उत्तर आहे. आज घरोघरी ज्या ‘वाय-फाय’वर मुले अभ्यास करतात, त्या तंत्रातील एक महत्त्वाची कळ ऑस्ट्रेलियातील रेडिओ खगोलशास्त्रज्ञांच्या कामातून निघाली. कृष्णविवरांच्या स्फोटाचे क्षीण संकेत शोधण्यासाठी जॉन ओसलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे गणित वापरले, त्याचाच पुढे तेथे उपयोग झाला, आणि त्या एकस्वापोटी तेथील सरकारी संशोधन संस्थेला ४० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली. परंतु आमचे खरे उत्तर याहून वेगळे आहे. दुर्बिणींवर पैसा खर्च करावा की न करावा, हा वाद आता उरलेलाच नाही. तो खर्च मंजूर झालेला आहे. ज्याला उधळपट्टीचा तिटकारा आहे, त्याने तर हे आधी विचारले पाहिजे की, १२५० कोटींचे यंत्र घेऊन ते चालविणारा माणूस दोन वर्षांनी घालवून देणे, याहून मोठी उधळपट्टी ती कोणती?

दुसरा आक्षेप असा, की अस्थिरतेमुळेच चुरस राहते. कायम खुर्ची मिळाली की माणूस सुस्तावतो. सरकारी कचेऱ्यांचा अनुभव पाहता हे म्हणणे अगदीच निराधार म्हणता येणार नाही. म्हणूनच प्रत्येक पाठ्यवृत्तीधारकाला जन्मभराची नोकरी द्या, अशी आमची मागणी नाही. परंतु चुरस आणि टांगणी या दोन गोष्टी भिन्न आहेत. दोन वर्षांच्या नेमणुकीतील पहिले सहा महिने स्थिरस्थावर होण्यात आणि शेवटचे वर्ष पुढचे अर्ज लिहिण्यात जाते. उरलेल्या काळात तो संशोधक जे लवकर छापून येईल तेच काम हाती घेतो. अवघड, दीर्घ पल्ल्याच्या प्रश्नाला हात घालण्याचे धाडस तो करूच शकत नाही. आणि या शास्त्रातील मोठे प्रश्न तर दीर्घ पल्ल्याचेच आहेत. २९ जून २०२३ रोजी जगातील निरनिराळ्या गटांनी अतिमंद गुरुत्वलहरींचे पुरावे जाहीर केले. त्यांतील युरोपीय शास्त्रज्ञांच्या गटाबरोबर भारतीय आणि जपानी शास्त्रज्ञांचा गट होता आणि खोडदच्या नोंदीही होत्या. स्पंदक ताऱ्यांच्या तब्बल २५ वर्षांच्या वेधांवर तो निष्कर्ष उभा होता. खोडदची दुर्बीणही कल्पनेपासून जगाला खुली होईपर्यंत दीड तप लागले. पंचवीस वर्षांचे काम दोन-दोन वर्षांच्या माणसांकडून करवून घेण्याची आशा बाळगणे, हे शहाणपणाचे लक्षण नव्हे.

मग करावयाचे काय? आमच्या मते चार गोष्टी तत्काळ करता येतील. पहिली: मोठ्या दुर्बिणीसाठी पैसा मंजूर होताना त्यातच पाठ्यवृत्तींचा वाटा बांधून द्यावा. हिशेब कठीण नाही. घरभाडे, प्रवास आणि संगणकाचा खर्च धरून एका संशोधकामागे वर्षाला १५ लाख रुपये धरले, तर पाच वर्षांचे ७५ लाख होतात. अशा ८० तरुणांचा पाच वर्षांचा खर्च ६० कोटी; म्हणजे १२५० कोटींच्या शेकडा पाचांहूनही कमी. दुसरी: पाठ्यवृत्तीची मुदत एकदम पाच वर्षांची असावी, तिसऱ्या वर्षी कामाची कसून परीक्षा व्हावी, आणि जे कसाला उतरतील त्यांच्यासाठी कायम जागांची संख्या आधीच जाहीर केलेली असावी. ज्यांना जागा देता येणार नाही, त्यांना ते पाचव्या वर्षाच्या अखेरीस न सांगता वेळेवर सांगावे. तिसरी: प्रसूती, आजारपण वा आईवडिलांची शुश्रूषा यांत गेलेला काळ वयाच्या आणि मुदतीच्या हिशेबातून वगळावा.

चौथी गोष्ट आमच्या प्रदेशाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. या पाठ्यवृत्ती पुणे, मुंबई आणि बंगळूर येथील मोजक्या संस्थांतच अडकून राहू नयेत. त्यांतील काही संशोधकांना देशातील साध्या विद्यापीठांत बसून काम करण्याची मुभा, किंबहुना उत्तेजन, असावे. वेध खोडदला घेतले जातात. परंतु संकेतांची छाननी आता कोठूनही करता येते. विद्यापीठांतील खगोलशास्त्राला बळ देण्यासाठीच १९८८ साली पुण्यात ‘आयुका’ ही संस्था डॉ. जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झाली होती. तो हेतू आणखी पुढे नेता येईल. गोवा विद्यापीठात, धारवाडात, कोल्हापुरात असा एकेक तरुण संशोधक पाच वर्षे राहिला, तर पदार्थविज्ञान शिकणाऱ्या मुलांना हे शास्त्र पुस्तकातले न वाटता शेजारच्या खोलीतले वाटेल. गोवा सरकारनेही केवळ दिल्लीकडे डोळे लावून न बसता अशा एक-दोन पाठ्यवृत्तींचा भार स्वतः उचलावा. कोसंबींच्या जन्मभूमीला त्यांचे नाव त्या पाठ्यवृत्तींस देता येईल, आणि पुतळ्यापेक्षा ते स्मारक अधिक जिवंत ठरेल.

१९६२ च्या जानेवारीत गेलेली ती तार चार-दोन शब्दांची होती. तिच्यात योजना नव्हती, समित्या नव्हत्या. आम्ही तुम्हांला जागा देत आहोत, या, एवढेच तिचे सांगणे होते. आज परदेशांतील प्रयोगशाळांत आणि येथल्या वसतिगृहांत नेमणुकीचे शेवटचे महिने मोजीत बसलेले कितीतरी तरुण तशाच एका तारेची वाट पाहत आहेत. तारखाते २०१३ साली बंद झाले. परंतु निरोप धाडण्याची इच्छा असेल, तर साधनांची आज वाण नाही. शासनाने तो निरोप विनाविलंब धाडावा, एवढेच आमचे मागणे आहे.